पानिपतची बांधाबांध

पुण्याहून पानिपतला मोटारसायकलवरून जायचे, आणि तेही जोडीने, असे आम्ही २०२३ च्या दसऱ्याला जाहीर केले तेव्हा सोसायटीतला जो तो हसला. त्यात त्यांचे काही चुकले नाही. माझी साठी उलटलेली, सौभाग्यवतींचे अठ्ठावन्नावे सरलेले, आणि ‘पानिपत’ हा शब्द काही मराठी माणसाला शुभशकुनाचा वाटत नाही. मुलगा परीक्षेत गडगडला तरी त्याचे पानिपत, आणि उमेदवार निवडणुकीत आपटला तरी त्याचेही पानिपतच! तळमजल्यावरच्या आजोबांनी तर सरळच विचारले, “अहो, काशीला जा, रामेश्वरला जा. हरलेल्या रणांगणावर कुणी मुद्दाम जातं का?”

बंगळूरहून चिरंजीवांचा फोन आला. “बाबा, दिल्लीपर्यंत विमान आहे. तिथून पानिपत नव्वद किलोमीटर. या वयात तुम्हांला सिद्ध काय करायचं आहे?”

सिद्ध करण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. एक जुने देणे मात्र होते. ते सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळायची नाही.

लोंबता पट्टा

२०१३ च्या गणपतीतली गोष्ट. आम्ही दोघे बुलेटवरून कोकणात मामेभावाकडे निघालो होतो. निघायला उशीर झालेला. रेक्झिनची एक मोठी पिशवी मी मागच्या कॅरियरवर आडवी टाकली आणि सुतळीने व एका रबरी पट्ट्याने घाईघाईने आवळली. ही म्हणाली, “पिशवी हलतेय. पुन्हा बांधा.” मी गाडीला किक मारीत म्हणालो, “बस गं! काही होत नाही.”

ताम्हिणी उतरून माणगावच्या अलीकडे आलो. पावसाने भिजून जड झालेली ती पिशवी एका अंगाला घसरली, तिचा लोंबता पट्टा मागच्या चाकाच्या आऱ्यांत शिरला आणि चालते चाक जागच्या जागी अडकले. गाडी आडवी झाली. मला गुडघ्याला खरचटले, एवढेच. हिचा डावा हात मात्र मनगटाशी दोन ठिकाणी मोडला. जवळच्या टपरीवरच्या चहावाल्याने कांदा चिरायच्या सुरीने पट्टा कापला, चाक मोकळे केले आणि एक टेम्पो थांबवून आम्हांला दवाखान्यात पोचवले. नाव विचारले तर सांगेना. पोलिसांचे लचांड मागे लागेल अशी बिचाऱ्याला धास्ती!

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. फळ्यावर लिहायचा हात उजवा, म्हणून हिने शाळाही फार बुडवली नाही. पण त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुढे कधी बोलणे झाले नाही. तिने मला दोष दिला नाही आणि मी तिची क्षमा मागितली नाही. फक्त एक झाले. ती पुन्हा माझ्या गाडीवर बसली नाही. लग्नाला जायचे तर रिक्षा, मंडईत जायचे तर बस. थंडीत तिच्या मनगटाला अजून कळ येते. पोळ्या लाटता लाटता ती मध्येच हात झटकते, आणि मी अशा वेळी वर्तमानपत्रात डोके घालतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात ती शाळेतून निवृत्त झाली. तेहेतीस वर्षे तिने इतिहास शिकवला. निरोपाच्या दिवशी मुलींनी विचारले, “बाई, आता काय करणार?” तर म्हणाली, “तेहेतीस वर्षं १४ जानेवारी १७६१ ही तारीख मी फळ्यावर लिहिली. एकदा त्या तारखेला त्या जागी उभं राहायचं आहे.”

घरी येऊन मी लगेच आगगाडीच्या तिकिटांची चौकशी सुरू केली. ती म्हणाली, “गाडी नको. तुमच्या बुलेटवरून जाऊ.”

मी बघतच राहिलो. “तू बसशील?”

“बसेन. पण बांधाबांध माझ्या पद्धतीनं व्हायला हवी.”

तीन अटी

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर कागद लागला. त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात तीन अटी होत्या.

पहिली, सामानातली प्रत्येक वस्तू वजन करून घ्यायची. दुसरी, सूर्य उगवण्याआधी गाडी सुरू करायची नाही, मावळल्यावर चालवायची नाही, आणि दिवसाकाठी तीनशे किलोमीटरांच्या आसपास मुक्काम टाकायचा. तिसरी, “काही होत नाही” हे तीन शब्द परत घरी येईपर्यंत कुणीही उच्चारायचे नाहीत.

वाचकहो, मला सर्वांत जड गेली ती तिसरी. हे तीन शब्द आपण दिवसातून किती वेळा बोलतो, हे तोंड बंद केल्याशिवाय समजत नाही!

मग नकाशा पसरला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काय किंवा समृद्धी महामार्ग काय, तेथे दुचाकीला प्रवेश नाही. तेव्हा आमची वाट ठरली ती जुन्या आग्रा रोडची: नाशिक, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, दिल्ली आणि पानिपत. एकेरी सुमारे साडेपंधराशे किलोमीटर. मी सहज म्हणालो, “भाऊसाहेब पेशवे गेले त्याच वाटेनं जायचं म्हणजे.” बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “भाऊसाहेब पुण्याहून निघाले नव्हते. उदगीरची लढाई जिंकली, तिकडेच परतूरला मसलत झाली, आणि मार्च १७६० मध्ये तिथूनच फौज निघाली. बऱ्हाणपूर, सिरोंज करीत ती ग्वाल्हेरला आली. आपली नि त्यांची वाट जुळते ती ग्वाल्हेरनंतर.”

७ जानेवारीला निघायचे, मालेगाव, इंदूर, गुना, ग्वाल्हेर असे चार मुक्काम, ग्वाल्हेरला एक दिवस विश्रांती, मग मथुरा, आणि १३ ला संध्याकाळी पानिपत, असा आराखडा ठरला. आता गाडीकडे वळायला हरकत नव्हती.

गाडीची प्रकृती

लांबच्या प्रवासाची तयारी निघायच्या आठवड्यात करायची नसते, हे मला आमच्या गॅरेजवाल्याने शिकवले. नवे टायर, नवी चेन, नवे ब्रेक लायनर हे सगळे त्याने नोव्हेंबरातच बसवले. “काका, नवीन भाग घरच्या रस्त्यावर पाचशे किलोमीटर चालू दे. काही बिघडायचं असेल तर ते इथं बिघडू दे, चंबळच्या पुलावर नको,” तो म्हणाला. तेल बदलले. चेनचा सैलपणा मोजून ठेवला. माझ्या गाडीला तो २५ ते ३० मिलिमीटर लागतो. फार आवळली तर चेन तुटायला येते, फार सैल ठेवली तर दात सोडते. संसारातही असेच काहीसे असते, असे तो म्हणाला आणि हिच्याकडे पाहून हसला.

बुलेटच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असते. बिनट्यूबच्या टायरला वरच्यावर गुजबट्टी घालता येते, ट्यूबच्या चाकाला ती सोय नाही. चाक काढा, टायर उसकटा, ट्यूब बाहेर घ्या, असा सगळा सोपस्कार. म्हणून पुढची एक आणि मागची एक अशा दोन ट्यूब जवळ हव्यात, टायर उसकटायच्या पट्ट्या हव्यात आणि हवेचा पंप हवा. पण नुसते सामान जवळ असून काय उपयोग? एका रविवारी गॅरेजवाल्याने आम्हां दोघांनाही खाली बसवले आणि मागचे चाक काढून पुन्हा बसवायला लावले. मला सव्वा तास लागला. क्लचची वायर बदलायच्या परीक्षेत मात्र ही माझ्या पुढे गेली. शाळेत हार्मोनियमच्या पट्ट्या दुरुस्त करायची सवय, दुसरे काय!

या वायरीची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची नवी वायर पिशवीत न ठेवता जुन्या वायरीच्या शेजारूनच गाडीवर ओढून, दोन्ही टोके बांधून ठेवायची. जुनी तुटली की टोके जोडली, पुढे चला. जागाही लागत नाही.

हवेचेही तसेच. एकट्याने जाताना आणि मागे माणूस व सामान असताना मागच्या चाकात हवा सारखी चालत नाही. दोन्ही आकडे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असतात. ही पुस्तिका मी गाडी घेतल्यापासून प्रथमच उघडली, हे कबूल करतो.

त्याच पुस्तिकेत गाडीने एकूण किती भार वाहावा हेही असते. त्या आकड्यातून मी गाडीचे वजन वजा केले, माझे बहात्तर किलो वजा केले, हिचे वजा केले (तो आकडा येथे छापू नये अशी ताकीद आहे), हेल्मेट, जाकिटे आणि बूट वजा केले, आणि थोडी राखण ठेवून हिशेब केला. आमच्या सामानाच्या वाट्याला पंचवीस किलो आले.

बुणगे

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी दिवाणखान्यात सतरंजी अंथरली आणि न्यायचे ते सगळे तिच्यावर मांडले. मग रद्दीवाल्याकडचा ताणकाटा उसना आणून तोलायला सुरुवात केली. एकूण भरले एकेचाळीस किलो!

बाई सतरंजीच्या कडेला खुर्ची घेऊन बसल्या. तेहेतीस वर्षे जे शिकवले त्याचे आता घरगुती प्रात्यक्षिक सुरू झाले.

“भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर काय काय होतं, आठवतंय का? लढणारे एकीकडे, आणि त्यांच्याहून जास्त माणसं न लढणारी. बायकामुलं, कारकून, व्यापारी, उत्तरेत तीर्थयात्रा होईल म्हणून निघालेले यात्रेकरू. त्यांना म्हणायचे बुणगे. बखरीत आहे की, सूरजमल जाटानं भाऊंना सांगितलं, जड सामान आणि कबिले मागं ठेवा, सडे होऊन पुढं चला. ते झालं नाही. नोव्हेंबरपासून अडीच महिने फौज पानिपतला अडकून पडली, रसद तुटली आणि शेवटी उपाशीपोटी लढावं लागलं. हरण्याची कारणं पुष्कळ आहेत. पण पाचवीतल्या मुलीलासुद्धा कळेल असं कारण हे. आता तुमचा तो तिकाटण्याचा कॅमेऱ्याचा स्टँड उचला. तो बुणगा.”

स्टँड गेला. दोन किलो शंभर ग्रॅम. मग माझी दुसरी बुटांची जोडी गेली, इस्त्रीचे शर्ट गेले, रात्री वाचायचा टॉर्च गेला, कारण एक टॉर्च हत्यारांत होताच. मी सूड म्हणून तिच्या बाजूला वळलो. छोटा कुकर! “मुक्कामाला खिचडी—” “बुणगा,” मी म्हणालो. ती हसली आणि तिने कुकर स्वतःच्या हाताने ओट्यावर नेऊन ठेवला. चार साड्यांतली एकही राहिली नाही. ओढणीलाही मज्जाव झाला, कारण पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपण पेपरात नेहमी वाचतो. त्यांच्या जागी दोन साधे, अंगाबरोबरचे पोशाख आले. माणशी तीन जोड कपडे: एक अंगावर, एक धुतलेला, एक वाळणारा.

पांघरुणांवर जरा वाद झाला. उत्तरेतली जानेवारीतली थंडी म्हणजे पुण्याची नव्हे. पण थंडी वाजते ती वाऱ्याने. म्हणून जाड ब्लँकेट न घेता आम्ही रेनकोट घेतले. स्वेटरवर रेनकोट घातला की वारा आत शिरत नाही आणि अवकाळी पाऊस आला तरी उपयोगी पडतो. अगदीच गारठा झोंबला तर छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी सारावी. हा जुन्या सायकलवाल्यांचा उपाय. फुकटचा आणि नामी आहे.

सर्वांत अवघड गेले ते पुस्तक. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ तिने हातात घेतले, काट्याला लावले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. मी म्हणालो, “ते राहू दे. माझा पंप काढतो.” “पंप काढायचा नाही,” ती म्हणाली. रात्री उशिरापर्यंत टेबलाशी बसून तिने वहीच्या दोन पानांवर गावे, नद्या आणि तारखा उतरवून घेतल्या. पुस्तक कपाटात गेले. पाने सामानात आली. वजन, काटा दाखवील तर शप्पथ!

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही असे ठरले. मलमपट्टीची पेटी: कापूस, जाळीचे कापड, ताणपट्टी, मोडलेला हात गळ्यात बांधायचे तिकोनी फडके, जंतुनाशक, मीठ-साखरेची पाकिटे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट, आणि त्याही दोन निरनिराळ्या पिशव्यांत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी पंचाईत नाही. दोघांच्या खिशात एकेक चिठ्ठी: नाव, रक्तगट, चालू औषधे, मुलाचा नंबर. त्याच चिठ्ठीवर ११२ हा तातडीच्या मदतीचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गावरचा नंबर. अपघातात मदत करणाऱ्या माणसाला चौकशीचा जाच होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम घातले आहे. त्या चहावाल्याला ते सांगायला हवे होते, असे चिठ्ठी लिहिताना माझ्या मनात आले.

खाण्यात शेंगदाण्याची चटणी, खजूर, आणि संक्रांत जवळ आलेली म्हणून तिळगुळाच्या वड्यांचा एक डबा. डबा सहाशे ग्रॅमचा होता. मी बुणगा म्हणायला तोंड उघडले, पण बाईंचा चेहरा पाहून मिटले.

काटा अखेर साडेचोवीस किलोंवर थांबला.

गाठ

सामान काढण्याइतकेच ते कोठे ठेवावे हेही महत्त्वाचे. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी बसवून घेतल्या, म्हणजे पिशव्या चाकाकडे झुकतच नाहीत. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याकडे: हत्यारे, ट्यूब, पंप. हलके कपडे वर आणि मागे. उजव्या-डाव्या पिशवीचे वजन सारखे. मागे उंच डोंगर रचला की गाडीचे पुढचे चाक हलके होते आणि वळणावर हँडल ऐकत नाही. पाठीवर पिशवी घेऊ नये, संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. आत प्रत्येक कपडा प्लास्टिकच्या पिशवीत, बाहेरून रेनकव्हर. रेनकोट आणि मलमपट्टी सगळ्यांत वर, हात घातला की लागेल अशी. आणि रबरी पट्ट्यांऐवजी बकलाचे नायलॉनचे पट्टे. उरलेले टोक लोंबत न ठेवता गुंडाळून चिकटपट्टीने बांधायचे.

निघण्याआधीच्या रविवारी रंगीत तालीम ठरली: पूर्ण सामानासकट दिवे घाटातून जेजुरी आणि परत, सुमारे शंभर किलोमीटर. आदल्या रात्री आम्ही खाली पार्किंगमध्ये गाडीवर पिशव्या चढवीत होतो. ही वर गेली आणि परत आली ती हातात काहीतरी घेऊन. रेक्झिनचा वीतभर पट्टा. एक टोक सुरीने कापलेले.

मला ओळखायला क्षणही लागला नाही. “हा तू ठेवलास?”

“दहा वर्षं. घड्याळाच्या खणात होता. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.”

पार्किंगमध्ये दुसरे कुणी नव्हते. जिन्याखालच्या दिव्याभोवती चिलटे फिरत होती. मी पट्टा हातात घेतला. जे सोपे वाक्य दहा वर्षे घशात अडकले होते ते तेव्हा बाहेर आले. “त्या दिवशी चूक माझी होती. तू सांगितलं होतंस.”

“ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुम्हांला ठाऊक आहे की नाही, एवढंच कळत नव्हतं.” मग तिने तोच डावा हात पुढे करून एकेक पट्टा ओढून पाहिला. “डावीकडचा सैल आहे. पुन्हा बांधा.”

मी पुन्हा बांधला.

सकाळी ती गाडीवर बसली. पाय टेकवले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावरची तिची बोटे हडपसर येईपर्यंत घट्ट रुतलेली होती. घाटाच्या पायथ्याशी आम्ही ठरल्याप्रमाणे थांबलो. पट्टे तपासले. आदल्या रात्री मी सगळी ताकद लावून आवळलेले पट्टे दोन बोटे सैल झाले होते! सामान नवे बांधले की पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांत ते हादऱ्यांनी बसते, आत दबते, आणि पट्टा ढिला पडतो. तो तेथेच पुन्हा आवळला नाही तर पुढचे सगळे नशिबावर. २०१३ साली हे मला कुणी सांगितले नव्हते असे नाही. हिने सांगितलेच होते.

माझ्या तोंडून निघाले, “दोन बोटंच आहे. काही हो—” आणि मी जीभ चावली. ती खळखळून हसली. घाट चढताना तिची बोटे सैल पडली होती.

तारीख

प्रवासाचे वर्णन लिहायचे तर दुसरा लेख होईल. खलघाटला नर्मदा ओलांडताना हिने केलेला नमस्कार, गुन्यापुढची गव्हाची शेते, शिवपुरीकडे अंगावर आलेली पहिली खरी थंडी, हे सगळे राहू देतो. रोज सकाळी निघण्यापूर्वी आणि पहिल्या पंचवीस किलोमीटरांनंतर पट्टे तपासायचे, हा आमचा संध्यावंदनासारखा नेम झाला. १० जानेवारीला ग्वाल्हेर गाठले. सगळे आराखड्यानुसार चालले होते.

मग धुके आले. २०२४ च्या जानेवारीतले ते धुके उत्तरेतल्या लोकांना आठवत असेल. १२ तारखेला सकाळी आम्ही राहत होतो त्या लॉजच्या दारातून समोरचा विजेचा खांब दिसेना. दहा वाजले, अकरा वाजले. मालमोटारी दिवे लावून कडेला उभ्या. त्या दिवशी ग्वाल्हेर सोडताच आले नाही. १३ ला दुपारी ऊन पडल्यावर निघालो आणि चंबळ ओलांडून कसेबसे आग्रा गाठले. १४ ला पुन्हा तेच. पानिपत सव्वातीनशे किलोमीटर, मध्ये अख्खी दिल्ली. खिडकीबाहेर पांढरा पडदा.

मी अस्वस्थ झालो. तेहेतीस वर्षे जी तारीख तिने लिहिली ती आज होती. तिच्यासाठी म्हणून मी हे सगळे मांडले होते. गाडीला मागे लाल दिवा होता, अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटे होती. मी म्हणालो, “हळूहळू निघू या का? एखाद्या ट्रकच्या मागोमाग. रात्री आठ-नऊपर्यंत पोचू. आज चौदा तारीख आहे.”

ती चहाच्या कपावर हात शेकत बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तारीख पुस्तकात आहे. ती कुठं जात नाही.” मग कप खाली ठेवून हसली. “अहो, एकेचाळीस किलोंतले साडेसोळा काढले, पण हा एक बुणगा माझ्याकडून राहून गेला होता बघा.”

१५ जानेवारीला दुपारनंतर आम्ही पानिपतला पोचलो आणि गावाबाहेर काला आंबला गेलो. आदल्या दिवशी महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी येऊन गेली होती. वाहिलेली फुले, हार तसेच होते. आता तेथे फारसे कुणी नव्हते. लाल विटांचा तो स्तंभ, भोवतालचे गवत, वर मंद ऊन. बाई बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. मी वहीची ती दोन पाने काढून दिली, ती तिने न उघडताच पर्समध्ये ठेवली. मग तिने तिळगुळाचा डबा उघडला, कारण २०२४ साली संक्रांत १५ तारखेलाच होती! बागेच्या माणसाला वडी दिली, दोन शाळकरी पोरांना दिली, आणि शेवटची मला. काय म्हणाली ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण ती कधी नव्हे इतकी सावकाश म्हणाली.

परत आल्यावर आम्ही पुन्हा सतरंजी अंथरली आणि कोणती वस्तू लागली, कोणती नाही, याचा हिशेब मांडला. ट्यूब, वायरी, पंप, मलमपट्टी यांना हातही लावावा लागला नव्हता. ती म्हणाली, “यांना बुणगे म्हणायचं नाही. हे राखीव फौजेतले.” रेक्झिनचा तो वीतभर पट्टा आता घड्याळाच्या खणात नसतो. दाराशेजारच्या खिळ्याला, गाडीच्या किल्लीबरोबर टांगलेला असतो. किल्ली काढायची म्हणजे आधी त्याला हात लागतो.

तळमजल्यावरचे आजोबा दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. “काय हो, पानिपतहून परत आलात म्हणे?”

“आलो,” ही म्हणाली, “सामान कमी होतं ना!”